आधार दाखवावा

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कुत्री! माझ्या घरात! मी आंघोळ करून बाहेर येते तर सोफ्यावर ही बया ऐसपैस. लोंबते कान, चहात दूध कमी पडावं तसा रंग. शेजारी अनुष्का, सकाळीच ठाण्याहून गाडी घेऊन हजर.

"आई, आधी ओरडू नकोस. आधारासाठी आणलीय. इमोशनल सपोर्ट म्हणतात याला. लोक मॉलमध्येसुद्धा नेतात आता."

मॉलमध्ये नेतात! मॉलवाल्यांनी त्यांचं बघावं.

पण गिळलं सगळं. गणपतीत ह्यांना अॅटॅक आला, स्टेंट घातली, तेव्हापासून हे घराबाहेर नाहीत. मीच सांगितलंय, एकटं जायचं नाही. लिफ्टमध्ये काही झालं म्हणजे? चालायचंय ना, मग हॉलमध्ये चाला, टीव्हीपासून फ्रिजपर्यंत. त्यांचंही मन लागत नसेल. लेकीला बापाची काळजी वाटली, तर मी आडवी कशाला येऊ?

नाव मोका. कॉफीचा प्रकार असतो म्हणे. ह्यांनी दुपारपर्यंत तिची मोकाशीणबाई करून टाकली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

तुळशीचं लग्न लागलं नाही तोच माझ्या दुकानात झुंबड. मॅचिंग सेंटर म्हणजे काय हे पुरुषांना कधी कळायचं नाही. बाईला हवा असतो बटाट्याच्या सालीसारखा नाही आणि कांद्याच्याही नाही, असा मधला रंग. आणि तो मला लगेच सापडतो! अख्ख्या पूनम सागर वसाहतीत दुसऱ्या कोणाला सापडत असेल तर दाखवावं.

पण आज एकीचा अस्तराचा तुकडा आखूड कापला. हल्ली कात्री सरळ चालतच नाही. बाईला नवीन तुकडा दिला, वर सॉरी म्हटलं.

घरी फोन केला. हे म्हणाले, "आहे जिवंत. ठेव."

असं बोलतात का कोणी! मग उगाच राग आला, आणि पुन्हा केला.

१७ नोव्हेंबर, रविवार

हे आज दुकानात आले! स्वतःच्या पायांनी! म्हणजे पायरीपर्यंत आले. सोबत मोकाशीणबाई, गळ्यात लाल पट्टा.

दारावर माझ्याच हातची पाटी आहे: "कुत्रे, मांजरे व आइस्क्रीम आत आणू नये." हे ती मोठ्याने वाचत उभे राहिले. सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं.

"तिला बाहेर बांधा आणि या," मी म्हटलं.

"कुत्री नाही तर मीही नाही."

"अहो, सिल्क आहे, लेस आहे, केस चिकटतील!"

"माझा आधार आहे तो. डॉक्टर-बिक्टर काही नाही, लेकीने लिहून दिलाय."

आणि उभे राहिले की हो उन्हात, छातीवर हात ठेवून! निवृत्तीनंतर इतकी वर्षं ह्याच काउंटरवर बसून बिलं केली ह्या माणसाने, आणि आज पायरीवर. एक गुजराती बाई म्हणाली, "आवी जवा दो ने, भाभी, बिचारा अंकल." बिचारा! आत घेतलं दोघांना. नाइलाज.

मोकाशीणबाई सरळ माझ्या पिकोच्या मशीनखाली शिरली आणि माझ्या डाव्या पायावर हनुवटी टेकून झोपली. उजव्या पायाने मशीन चालवलं. पाय जड झाला नुसता.

१८ नोव्हेंबर, सोमवार

घरच्यांना वेगळा नियम आणि गिऱ्हाइकांना वेगळा, हे मला जमायचं नाही. नवीन पाटी करायला सांगितली. पेणकरपाड्याच्या बाजूला साहिलचं फ्लेक्सचं दुकान आहे, त्याला फोनवर मजकूर दिला: "भावनिक आधार देणाऱ्या प्राण्यांनाच प्रवेश. बाकीचे बाहेर." दोनदा सांगितला, सावकाश.

२० नोव्हेंबर, बुधवार

पाटी आली, लागली. घाईत नीट वाचलीसुद्धा नाही. लाल अक्षरं छान उठून दिसतात.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

अरे देवा.

सकाळी एक गृहस्थ आले. बायको लेस बघतेय, आणि ते पिंजऱ्यात पोपट घेऊन दारात उभे. खिशातून कार्ड काढून म्हणाले, "मॅडम, तोते का तो नहीं बना है. मेरा आधार चलेगा?"

मला काही कळेना. बाहेर जाऊन पाटी वाचली. "फक्त आधार प्राण्यांना प्रवेश. आधार दाखवावा."

साहिलला फोन. "आंटी, 'भावनिक' बसतच नव्हता, अक्षरं बारीक करायला लागली असती."

"आणि 'आधार दाखवावा' कोणी सांगितलं तुला?"

"ते मी आपलं माझ्याकडून टाकलं. सगळीकडे असतंच ना."

पोपट आत आला. दिवसभर मिळून दोन कुत्रे, एक मांजर आणि एक कासव. कासवाच्या मालकिणीने तर कार्डाची झेरॉक्स काउंटरवर ठेवली, वर सही करून! एक बाई विचारून गेली, "यहाँ डॉगी का आधार निकलता है ना? फोटो लगेगा क्या?" दुसरा एक जण प्राणी न घेताच आला, त्याला त्याच्या कार्डावरची जन्मतारीख बदलून हवी होती.

हे काउंटरवर बसून खुशाल सांगत होते, "साहेब जेवायला गेलेत, चारनंतर या."

हसून हसून माझं पोट दुखलं. किती महिन्यांनी! घरी फोन करायचा नव्हताच, हे समोरच होते.

२५ नोव्हेंबर, सोमवार

राई गावच्या विमलाबाई आल्या, माझ्या जुन्या गिऱ्हाईक. भाचीच्या हळदीसाठी हिरवा ब्लाऊजपीस हवा होता. काखेत कोंबडी! लेकीकडे पोचवायला चालवली होती. दारात थबकल्या, सोबतच्या नातवाकडून पाटी वाचून घेतली असणार, कारण आत न येताच ओरडल्या, "बाय, हिचा आधार न्हाय हां! अंडी देते, चालंल का?"

मी म्हटलं, "या हो विमलाबाई. अंडी देणाऱ्याला कार्ड लागत नाही."

मोकाशीणबाई मशीनखालून बाहेर आली, कोंबडीने तिच्याकडे एकदाच बघितलं, आणि आमची वाघीण परत माझ्या पायावर! विमलाबाई म्हणाल्या, "भित्री हाय गो तुजी." मला राग आला चक्क. आमची भित्री?

आमची! मी लिहिलं खरं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

साहिल नवीन पाटी फुकट करून देतो म्हणतोय. मी म्हटलं, राहू दे हीच. आज तीन बायका निव्वळ पाटी बघून हसत आत आल्या आणि कापड घेऊन गेल्या.

हे हल्ली मोकाशीणबाईला माझ्याकडे ठेवून "जरा येतो" म्हणून जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी सारखी दाराकडे बघत होते. आज कधी गेले, कधी आले, लक्षातच नाही. मी बनारसीला फॉल लावत होते, पायावर ती होती. टाका अगदी सरळ आला.

४ डिसेंबर, बुधवार

आज कुत्री एकटी आली.

हे तिला फिरवायला घेऊन गेले होते. ती परत आली ती पट्टा फरफटत, धापा टाकत. मागे कोणी नाही. माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. दुकान उघडं, गल्ला उघडा, तीन गिऱ्हाइकं उभी, मी धावत सुटले. चप्पल कुठे गेली माहीत नाही. डोळ्यांसमोर नुसतं गणपतीतलं सगळं: ते स्ट्रेचर, तो घाम, ह्यांची ती राखाडी झालेली ओठांची कड. "अंकल को देखा? सफेद शर्ट?" प्रत्येकाला विचारत सुटले. मोकाशीणबाई पुढे, पट्टा माझ्या हातात, मीच फरफटत.

ती थेट साहिलच्या दुकानात शिरली. आणि आत हे! स्टुलावर! पायावर पाय टाकून! एका हातात कटिंग चहा, दुसऱ्या हाताने साहिलला शिकवतायत, "'दुरुस्ती'तला रु ऱ्हस्व असतो. तुझ्या दुरुस्तीतच दुरुस्ती पाहिजे."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. साहिल संगणकामागे लपला. मग भर रस्त्यात रडायलाच आलं, हुंदके देऊन. पायरीवर बसले. ती आली आणि सगळं अंग माझ्यावर टाकून टेकली. भिंतीसारखी.

हे म्हणाले, "अगं, पट्टा सुटला हातातून. मला वाटलं येईल परत. ती सरळ तुझ्याकडेच पळाली." मग माझा हात हातात घेतला. "मी बरा आहे, उर्मिला. केव्हाचा बरा आहे."

दुकानात परतले तर त्या 'बिचारा अंकल'वाल्या गुजराती बाईने दोन गिऱ्हाइकं केली होती माझ्या वतीने. रंग मात्र चुकीचे दिले.

८ डिसेंबर, रविवार

अनुष्काला दुकानातून फोन केला. म्हटलं, बाबा ठणठणीत झालेत, आता न्यायची असेल तर ने तुझी मोका.

 ती म्हणाली, "आई, बाबांसाठी कोणी आणली? तुझ्यासाठी आणली. तू त्यांना दाराबाहेर सोडत नव्हतीस, जेवत नव्हतीस. बाबांनीच फोन केला होता मला. म्हणाले, मी ठीक आहे, तुझ्या आईसाठी काहीतरी कर. पण तिला सांगू नकोस, नाही म्हणेल."

फोन ठेवला. हे बिलबुकात डोकं घालून बसले होते, नको तितके.

"पायरीवरचं ते छातीवर हात ठेवणं—"

"ऊन होतं गं," हे म्हणाले. आणि मान वर न करता बोटाने पाटी दाखवली. "नियम म्हणजे नियम. आधार दाखवावा."

मी खाली वाकून मोकाशीणबाईला दोन्ही हातांनी उचललं आणि काउंटरवर ठेवलं, चांगल्या सिल्कवर.