अम्मीच्या शेजारची जागा

पनवेल, १२ मार्च १९६४

प्यारे इक्बालभाई, सलाम.

अब्बांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली, तेव्हा तू कराचीहून विचारलं होतंस, ऑपरेशन मुंबईला की वेल्लोरला? मुंबईच्या डॉक्टरांनी असं ऑपरेशन दोनदाच केलेलं. तेच म्हणाले, "वेल्लोरला न्या, तिथल्यांचा हात बसलेला आहे."

अब्बा म्हणाले, "ताहिरा, तिथे काही झालं तर त्याच दिवशी तिथेच दफन करतील. तुझ्या अम्मीच्या शेजारची जागा रिकामी राहील. तरी तू म्हणशील तिथे येतो."

मी मुंबई म्हणाले.

मंगळवारी सकाळी अब्बा ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. मुंबईहून ठाण्यामार्गे मोटारीने घरी आणलं, संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजाआत दफन झालं. अब्बांची इच्छा राखलीस, असं सगळे म्हणतात.

भाई, ते वेल्लोरला यायला तयार होते. मीच घाबरले. तू परमुलखात, तेही वेल्लोरलाच राहिले असते तर? कबरस्तानात आम्हा बायकांना जाता येत नाही, पण भिंतीबाहेरून मला दोघांची जागा दिसते.

तुला पाठवायचं पत्र वेगळं लिहिलंय. त्यात अब्बांनीच मुंबईचा हट्ट धरला आहे.

तुझी बहीण,
ताहिरा