निबंधातले आप्पा

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

फोटो काढला माझा! तोही मेंढरांबरोबर. समुद्राच्या बांधावर, तारेच्या कुंपणापाशी उभं करून. बाहेरदेशातून आलेल्या मुलांचं सगळं बघणाऱ्या एक बाई आहेत इथल्या विद्यापीठात, त्यांनी काढला. म्हणाल्या, तुझा निबंध आम्ही पुस्तिकेत छापतोय. पहिल्या पानावर!

हॉलंडला येऊन अडीच महिने झाले. सांगलीच्या कॉलेजातून एका सत्रासाठी निवड झालेली मी एकटीच. निवडीच्या अर्जात लिहिलेला तो निबंध मी जवळजवळ विसरत आले होते. आज शब्द न् शब्द आठवला. ‘माझ्या वडिलांना मला मेंढरांमागे पाठवायचं होतं. ते शाळेच्या वाटेत आडवे उभे राहिले. मी त्यांच्याशी भांडून शिकले.’

खोटं आहे. सगळं. कुठेतरी एकदा लिहिलं पाहिजे म्हणून इथे लिहिते आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

अर्जात प्रश्न होता – शिकताना कोणत्या अडथळ्यावर मात केली? दोन दिवस कोरा कागद घेऊन बसले होते. अडथळा आणायचा कुठून? आदल्या वर्षी जाऊन आलेला विश्वजित म्हणाला, “आटपाडीची ना तू? दुष्काळ नको लिहू, सगळे तेच लिहितात. घरच्यांचा विरोध लिही. लगेच निवड.” मी तासाभरात लिहून टाकलं. इतकं सरसर कधीच काही लिहिलं नव्हतं.

आता खरं काय ते.

तिसरीत होते. दिवाळी झाली, मेंढरं पश्चिमेला निघाली. दरवर्षी जातात, उसाच्या पट्ट्यात, पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. आई-आप्पा, बिरदेवदादा, सगळे त्यांच्याबरोबर. मी एकटी आटपाडीत शालूआत्याकडे, शाळेसाठी. त्या वर्षी मी हट्ट धरला, मला पण यायचंय. आप्पा नाही म्हणाले. मग मी घोड्यावर लादलेल्या बिऱ्हाडात, मेंढरं कोंडायच्या जाळ्यांच्या आणि कोकरांच्या मध्ये लपून बसले. आईला ठाऊक होतं. तिनेच वरून घोंगडं टाकलं, रात्री मुक्कामाला कोकरांतच निजवलं.

दुसऱ्या दिवशी भिवघाटाच्या चढाला आप्पांनी घोंगडं उचललं. ओरडले नाहीत. मला खांद्यावर घेतलं आणि आले तसे उलटे चालायला लागले. मेंढरं तिथेच आईवर टाकून! मी त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होते, पटका ओढून सोडला, रडून रडून घसा बसला. आप्पा एकच वाक्य म्हणत होते – “मेंढरं मी बघतो. तू शाळा बघ.” दुसऱ्या दिवशी मला वर्गात बसवलं आणि घंटा होईपर्यंत खिडकीबाहेर उभे राहिले. मी पुन्हा पळेन म्हणून.

म्हणजे आडवे उभे राहिले होतेच की. फक्त मी दुसऱ्या बाजूने पळत होते.

१८ नोव्हेंबर

बाईंकडे गेले. निबंध छापू नका, एवढंच सांगायचं होतं. त्यांनी कॉफी दिली. कॉफी पिऊन परत आले. भित्री ती भित्रीच.

१ डिसेंबर, रविवार

आप्पांचा फोन. दादाच्या मोबाइलवरून, पण चेहरा नीट धरता येत नाही, अर्धा वेळ नुसतं कपाळ आणि पटका दिसतो. मागे मेंढरांचा गलका. मुक्काम रहिमतपूरजवळ.

“थंडी लय हाय का गं तिथं?”

“हाय आप्पा.”

“घोंगडं पांघरतीस न्हवं?”

“व्हय.”

हेही खोटं! मिरज स्टेशनवर गाडी सुटता सुटता त्यांनी ते घोंगडं खिडकीतून आत कोंबलं होतं. इथे पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या मुलीने नाक मुरडलं. तेव्हापासून ते प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या तळाशी. माझ्या आईने कातलेल्या लोकरीचं.

मग इथल्या मेंढरांची चौकशी. शेपट्या का कापतात, पायाला रोग येतो का, पाऊस लागला तर बांधतात कुठे. मी सांगितलं, राखायला माणूस नसतो, नुसती तार असते.

“मग मेंढरं बोलत्यात कुणाशी?”

मला हसू आलं. तेही हसले. मग म्हणाले, “तिथली माणसं इचारत्यात का गं आमच्याबद्दल?”

“इचारत्यात की.”

“काय सांगतीस?”

मी मोबाइल जरा बाजूला वळवला. आप्पाच म्हणाले, “काय बी सांग. तुझं काम झालं म्हंजी झालं.” आणि फोन दादाच्या हातात.

घोंगडं बाहेर काढलं. आज पांघरणार. नाक मुरडू दे कुणाला मुरडायचं ते.

२१ जानेवारी २०२५

व्हायचं तेच झालं. इथली पुस्तिका आमच्या कॉलेजात पोचली. क्रांती मॅडमचा निरोप आला – कॉलेजकडून निवडीचं सगळं त्यांनीच पाहिलं होतं, माझ्यावर जीव आहे त्यांचा. निबंधाचं मराठी करून घेतलंय. आठ फेब्रुवारीला सांगलीत सत्कार, माझा आणि वडिलांचा. ‘एके काळी विरोध करणारे वडील आज लेकीचं कौतुक ऐकायला समोर बसतील, सोनम, किती मोठी गोष्ट आहे ही! त्यांना मीच फोन करते, नंबर आहे माझ्याकडे.’

स्टेजवर निबंध मोठ्याने वाचणार. मराठीत. आप्पांच्या तोंडावर.

इतके दिवस मला एक आधार होता, की आप्पांना इंग्रजी येत नाही. किती नीच आधार!

१ फेब्रुवारी, आटपाडी

आले. आत्याने भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग घरात घेतलं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, आणि समोर बसून माझ्याकडे बघणं. “वाळलीस गं. तिथं काय गवत खायाला घालत हुते का?”

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आप्पा सत्काराला खरंच येणार आहेत का. आत्या म्हणाली, “येणार म्हंजी? तुझा निबंध स्टेजवर वाचनार म्हनून मॅडमचा फोन आल्यापास्नं त्येला दुसरं काय सुचंना. कवा न्हवं ते माझ्याकडनं नवं धोतार मागवून घेतलं.”

पुढची भाकरी मी परत टोपल्यात ठेवली.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रहिमतपूर

मिरजेहून पॅसेंजरने आले. गाडीत मनाशी घोकत होते – आधी पाया पडायचं, मग सगळं सांगायचं. किर्लोस्करवाडीला वाक्य पाठ झालं होतं. कराडला विसरले. मसूरला पुन्हा पाठ.

नानासो म्हणून शेतकरी आहेत, त्यांचा ऊस तुटून गेला की दरवर्षी आमची मेंढरं त्यांच्या रानात बसतात, लेंडीखतासाठी. मला बघून बांधावरूनच ओरडले, “केरबा! तुझी फॉरेनर आली बघ!” आप्पा जाळं ठोकत होते. उठले, हात धोतराला पुसले, आणि तिथेच उभे राहिले. मी जाऊन पाया पडले. डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढलाच नाही.

आईने चहा टाकला. आप्पा नानासोंना सांगत होते, तिकडं मेंढरांना राखण नसती, तार असती. दहा वेळा सांगून झालं असेल, पण नानासो नव्याने ऐकल्यासारखं करत होते.

आणि मला दोरीवर वाळत घातलेला पटका दिसला. लाल. आप्पांचा रोजचा पटका धुळीने विटकरी झालेला असतो. हा ठेवणीतला, दादाच्या लग्नानंतर कुणी पाहिलाच नव्हता. आई म्हणाली, “दोनदा धुवायला लावला मला. म्हनले, स्टेजवर बसायचं हाय.”

पाठ केलेलं वाक्य ओठावर आलं होतं. खरंच आलं होतं! आणि मी म्हणाले, “आप्पा, कार्यक्रम रद्द झाला.”

दादा चिडला, “रद्द? आसा कसा रद्द?” आई माझ्याकडे बघत राहिली. आप्पा चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, “बरं झालं. मेंढरं टाकून येणं अवघडच हुतं.” उठले, पटका दोरीवरून काढला, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला. अजून ओला होता तो.

६ फेब्रुवारी

मॅडमना कळवलं, वडील येऊ शकत नाहीत. खोट्यावर खोटं रचायला एकदा हात बसला की बसला.

८ फेब्रुवारी, शनिवार, सांगली

लिहवत नाही. पण लिहिणार.

स्टेजवर चार खुर्च्या. तीन भरलेल्या, चौथीवर आप्पांच्या नावाची चिठ्ठी – श्री. केरबा. ती कुणी काढलीच नाही. एका मुलीने निबंध वाचला, अगदी आवाज चढवून उतरवून. ‘आडवे उभे राहिले’ हे शब्द आले. मागच्या रांगेत कुणीतरी च्च केलं.

मग माइकवरचे सर म्हणाले, “सोनमच्या वडिलांना आज आपण सन्मानाने बोलावलं होतं. ते आले नाहीत. यातच सगळं आलं. अजूनही काही मनं वळायची बाकी आहेत!”

टाळ्या. माझ्यासाठी टाळ्या! पाहुण्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि ती रिकामी खुर्ची तिथे. आप्पा न येताच गुन्हेगार झाले, आणि येऊ दिलं नव्हतं मी.

माइक माझ्या हातात दिला. पाचशे माणसं समोर. एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. मी ‘धन्यवाद’ म्हणाले आणि खाली बसले.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून हॉस्टेलच्या खोलीत. शालीला हात लावलेला नाही, नारळ तसाच टेबलावर. राणी, माझी खोलीतली मैत्रीण, दोनदा म्हणाली नारळ फोडूया, खोबऱ्याची चटणी करू. मी अंगावर ओरडले तिच्या. तिचा काय दोष.

लाज वाटते. नुसती वाटत नाही, अंगाला चिकटलीये. ज्या माणसाने दोन दिवसांची वाट उलटी तुडवली त्याला मी पाचशे लोकांसमोर अडाणी आणि दुष्ट ठरवलं. कशासाठी? समुद्राच्या बांधावर एक फोटो!

ठरलं. उद्या मॅडमना सगळं सांगणार. काढून घ्यायचं ते घेऊ देत, निवड, गुण, नाव. पुस्तिकेवाल्या बाईंनाही लिहिणार. लिहायला बसलेच आहे. पहिलं वाक्य – माझे वडील कधीही आडवे आले नाहीत. दुसरं सुचत नाहीये, पण उठणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

मॅडमना सांगितलं. रडत सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, गोंधळल्या. “असं कसं, सोनम? निवड पक्की करण्याआधी मी स्वतः फोन केला होता तुझ्या वडिलांना. गेल्या मे महिन्यात. तो नियमच आहे. निबंध मराठीत वाचून दाखवला, हे खरं आहे का म्हणून विचारलं. तर म्हणाले, ‘व्हय, मॅडम. पोरगी लिहिती त्ये खरं हाय. म्याच आडवा आलो हुतो. आता न्हाई येनार, तिला जाऊ द्या. आन् तुमी मला इचारलं, ह्ये तिला सांगू नगा.’”

मे महिन्यात. म्हणजे मिरज स्टेशनवर घोंगडं देताना त्यांना माहीत होतं. काय सांगतीस म्हणून विचारलं, तेव्हाही. निबंधात काय आहे ते सगळं ऐकून, पाचशे माणसांत पुन्हा ऐकून घ्यायला, आप्पांनी तो पटका दोनदा धुवून घेतला होता.