खाटेच्या जागी टेबल

ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, आईला सांग. तिची कंबर कशी आहे?

तुला लोकप्रशासनाच्या एम.ए.ला ॲडमिशन मिळाल्यापासून आई फोनवर तुझंच कौतुक करते. तुझ्या टेबलासाठी माझी खाट बाहेर काढली, हेही तिनं हसत सांगितलं. मला झोंबलं.

इथं मी सरकारी ऑफिसात टेबलखुर्च्या जोडतो. काल साहेबाच्या नव्या खुर्चीत जरा टेकलो, तर मुकादम म्हणाला, "उठा कलेक्टर, स्क्रू कोण पिळणार?" सगळे हसले, मीही हसलो. पण त्या खुर्चीत मला तूच बसलेली दिसलीस आणि खरं सांगतो, मी जळलो गं.

अभ्यास नीट कर. टेबल राहू दे. फक्त खाट भंगारात देऊ नका. सुट्टीत आलो की मला आपल्याच घरात पाहुण्यासारखं सतरंजीवर झोपायचं नाही.

तुझाच,
चिडकू