रावणाची चिता

हुबळी, ९ जानेवारी १९३८

आये, तुझ्या पायांवर डोकं ठेवून भरमू लिहितोय.

मी खुशाल हाय. जेवणाचे हाल न्हाईत. तू कानाचं विचारलं हुतंस. बायलरवर हातोडे मारून मारून कानात जो आवाज बसलाय, तो सा महिने झाले तरी हलत न्हाय. डाक्टर भला हाय. म्हणाला, "जाणार न्हाय, त्याच्यासंगं राहायला शीक. कामावर कानात कापूस घाल, उशाला घड्याळ ठेव." घड्याळ आणलं. त्याची टिकटिक बी त्या आवाजात बुडाली.

म्हैस व्याली का?

लहानपणी तू मला कानांत बोटं घालायला लावायचीस. "रावणाची चिता जळतीया, ऐक. ऐकू येती तवर मरण न्हाय." आता बोटं न घालताच ऐकू येती, दिवसभर. म्हंजे मी लई वरसं जगणार.

आये, त्याचंच भ्या वाटतंय.

तुझा भरमू