लालावणं म्हणजे काय

माय, तुला मी कधी पत्र लिहिलंच नाही. हॉस्टेलवरून लिहायचो ते काकांच्या नावानं, आणि शेवटी एक ओळ, मायला नमस्कार. ती ओळ ते तुला वाचून दाखवायचे का, तेही मला माहीत नाही. आज लिहितोय, कारण त्या साली मिरचीचा ढीग बिघडला तो तुझ्या हातानं नाही, माझ्या हातानं. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं, आणि एक दिवस आमचे प्रोफेसर म्हणाले की घरी जाल तेव्हा आपल्या भागातले शब्द गोळा करून आणा. मी वेडाच झालो. नाताळच्या सुट्टीत नंदुरबारला उतरलो तो नवी वही घेऊनच, आणि चुलीपासून गोठ्यापर्यंत तुझ्या मागं मागं फिरायला लागलो. तू ओसरीवर मिरचीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसली होतीस. म्हणालीस, "लालाई ऱ्हायनी आजून, ऱ्हाऊ दे." मी लगेच वहीत लिहिलं, लालावणं म्हणजे लाल होणं, आणि मोठ्या ऐटीत तुला वाचून दाखवलं. तू मान हलवून नाही म्हणालीस. मी विचारलं, मग संध्याकाळी आभाळ लाल होतं, ते लालावतं की नाही? तू एवढी हसलीस की डोक्यावरचा पदर घसरला. "आभाय काय पोताखाल दपाडेल शे का?" दपाडेल म्हणजे झाकलेलं, तेही मी लिहून घेतलं.

मग तू मला समजावलंस. तोडून आणलेली सगळी मिरची पुरती लाल नसते, कुठं देठाजवळ हिरवी, कुठं एका अंगाला. तिचा ढीग लावायचा, वर गोणपाट टाकायचं आणि तीन दिवस हात लावायचा नाही. ऊन नाही, वारा नाही, आतल्या उबेनं तिची ती लाल होते. ते लालावणं. त्यानंतर अंगणात पसरायची, ते नुसतं वाळणं. लालावायच्या आधीच ऊन लागलं की पांढरे डाग पडतात, ती फटकी, तिला कुणी विचारत नाही. मला हे इंग्रजीतल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा भारी वाटलं. गल्लीतल्या बाया आपापल्या ढिगात हात घालायला तुला बोलावून न्यायच्या. तळोद्याच्या वरच्या पाड्यांतून तोडणीला आलेल्या बायासुद्धा आधी तुझ्या तोंडाकडं बघायच्या. बाबा गेल्यावर घर काकांचं झालं होतं, शेत काकांचं, बैल काकांचे. ढीग तेवढा तुझा होता. हे मला तेव्हा दिसत नव्हतं, मला फक्त शब्द दिसत होता.

दुसऱ्या दिवशी तू आणि काका नवापूरला कुणाच्या तरी दहाव्याला गेलात, सकाळच्या गाडीनं. घरात मी एकटा. मला वाटलं, लालावताना मिरची दिसते कशी ते बघून लिहावं. गोणपाट उचललं. आत अंधार, नीट दिसेना, म्हणून टोपलीभर अंगणात नेली. मग वाटलं सगळीच पसरावी, उन्हात काम लवकर होईल, तुझी कंबर वाचेल. शपथेवर सांगतो, तेही मनात होतं. दुपारभर मी दर तासाला रंग लिहीत बसलो. तुम्ही यायच्या आत ढीग होता तसा लावला आणि झाकून टाकला.

तू आलीस, पाय धुतलेस आणि माझ्याकडं बघून म्हणालीस, "तुन्हा डोया कसाले लालावनात?" मी म्हटलं, वाचत होतो. तू आत गेलीस, वाटीत लोणी घेऊन आलीस, आणि माझी बोटं एकेक करून चोळलीस. बोटं जळतायत असं मी सांगितलं नव्हतं.

आठ दिवसांनी अंगणात अर्धी मिरची फटकी निघाली. काका उकिडवे बसून मूठ मूठ उचलून बघत होते. ते तुझ्याशी थेट कधी बोलत नसत, धाकट्या भावाच्या बायकोशी कोण बोलतं. तू दाराआड उभी होतीस, चार हातांवर, आणि ते मला म्हणाले, "तुन्ही मायले सांग, पुढला सालपाईन ढीग सून देखी." आणि मी वळलो. तुला सगळं ऐकू गेलं होतं, तरी रीत म्हणून मी ते पुन्हा म्हटलं, शब्दन् शब्द, की पुढच्या सालापासून ढीग सून बघेल. माझ्याच गुन्ह्याची शिक्षा मी तुला माझ्या तोंडानं सांगितली. तू म्हणालीस, बरं.

पुढच्या नाताळात ओसरीवर ढिगाशी वहिनी होती, काकांची सून. तू मागच्या खोलीत सुपात डाळ घेऊन बसलेली, तुला बोलवायला कुणी येत नव्हतं. बाया अंगणापर्यंत यायच्या आणि वहिनीशी बोलून परत जायच्या. तू मला विचारलंस, "तो शबद छापाई गया का?" छापला होता, कॉलेजच्या मॅगझीनमध्ये, माझ्या नावानं. मी वाचून दाखवला. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बराबर शे." त्याच्या पुढच्या नाताळाला तू नव्हतीस.

आता मी सुरतेला असतो. ऑफिसात इंग्रजी, रस्त्यावर गुजराती, आणि संध्याकाळी खोलीत कुणीच नाही. वही अजून आहे, पण त्यातला शब्द कुणापुढं वापरू? परवा काका आले, डोळे दाखवायला. म्हातारे झालेत, मऊ झालेत. काल जेवताना स्वतःहून तुझी आठवण काढली. "तुन्ही मायना हात लाखमा एक व्हता. एकच साल चुकना." मी घास गिळला, हो काका म्हटलं, आणि त्यांना भात वाढला. गप्प तरी बसता आलं असतं. मी हो म्हटलं.

त्यांची गाडी सहाची आहे. दुपारची झोप झालेली दिसते, आतून हाक मारतायत. स्टेशनपर्यंत टांग्यात अर्धा तास आम्ही दोघंच असू, तेव्हा सांगून टाकीन असं इथं लिहिणार होतो. पण तुला तरी खोटं लिहीत नाही.