नायिकेची खुर्ची

६ जून
रविवार असूनही दिवसभर ऑफिसात एका दवाखान्याचे प्लॅन काढले. संध्याकाळी हिच्या वाचनमंडळातल्या दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या. भेटून महिना झाला म्हणाल्या. ही गेली त्यालाही तेवढाच झाला. हिने अर्धवट वाचलेली कादंबरी मंडळाची आहे, ती हवी होती. म्हटलं, हिचं राहिलेलं मी पुरं करतो आणि शनिवारी मीच येतो. मंडळात सगळ्या बायकाच आहेत, असं त्या म्हणाल्या. म्हटलं, माझी काही हरकत नाही.

७ जून
संकल्प : रोज तीस पानं. आज चार, हिची खूण चाळिसाव्या पानावर होती तिथून पुढे. आधुनिक कादंबरी. नायिकेला नावच नाही. कोणी अगं म्हणतं, कोणी आई, कोणी सूनबाई. छापायचं राहिलं असावं.

९ जून
पान चव्वेचाळीस. नायिका जिन्यात उभी राहून विचार करते आहे. परवापासून तिथेच. पायांच्या शिरा फुगतील. मुलीचा फोन : बाबा, जेवलात का? हो म्हटलं. (बिस्किटं.) घरकामाला फक्त सिस्टिम लागते. ती हिने कधी लावली नाही. उद्यापासून कुकर.

१० जून
कुकर जळला. आत पाणी घालायचं, हे त्यावर कुठेही लिहिलेलं नाही. कंपनीची चूक.
कादंबरीतली चूक मात्र सापडली. त्या घराचा स्केलमध्ये प्लॅन काढला. नवऱ्याला अभ्यासिका, सासऱ्यांना आरामखुर्ची, मुलांना खोली, कुत्र्यालाही कोपरा. नायिकेला टेकायला जागाच नाही, म्हणून बिचारी जिन्यात. लेखिकेला प्लॅनिंग येत नाही. मी कोठीची भिंत दीड फूट सरकवून खुर्ची बसवली. कादंबरी आता दहा पानांत संपते.

१२ जून, शनिवार
मंडळात प्लॅन भिंतीला लावून समजावला. सगळ्यांनी जवळ येऊन पाहिला. मग इतक्या हसल्या की डॉक्टरीणबाईंना चष्मा पुसावा लागला. एक म्हणाली, अहो भाऊजी, तिला खुर्ची नाही म्हणून तर चारशे पानं झाली! मी म्हटलं, तेच तर, मला आधी विचारायचं. मग डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, आमची मैत्रीण घरी कुठे बसून वाचायची हो? म्हटलं, घराचा प्लॅन मीच केलाय. पुढच्या शनिवारी खूण करून आणतो.

१३ जून
घराचा प्लॅन काढून बसलो. हिच्या जागेसाठी लाल पेन्सिल. हॉलमध्ये माझी खुर्ची. खिडकीशी मुलीचं टेबल. बेडरूममध्ये माझा ड्रॉइंग बोर्ड. लाल पेन्सिल हातातच.
मुलीला फोन केला. आई कुठे बसून वाचायची, ते विचारलं. ती म्हणाली, स्वयंपाकघराच्या दाराआड, स्टुलावर. कुकर होईपर्यंत वाचायची आई. तुम्हाला माहीत नव्हतं? म्हटलं, होतं. खात्री करून घेतली.
ते दार कधीच पूर्ण उघडत नसे. मी बिजागरीला वर्षानुवर्षं तेल घालत आलो.
प्लॅन गुंडाळून ठेवला. पाणी घालून कुकर लावला, दार लोटलं आणि स्टुलावर बसून पान पंचेचाळीस उघडलं.