कार्डिफला खाल्लेलं पिनाकबेत

आई, या देशात डब्याचं झाकण उघडण्याआधी आजूबाजूला पाहून घेणारे आपण सगळे, आपली एक जुनी तक्रार आहे: आमचे हात तुमच्या पेशंटला चालतात, पण त्याच हातांनी रांधलेलं तुमच्या नाकाला चालत नाही. युनियनच्या सभांमध्ये मी बारा वर्षं हे वाक्य म्हणते आहे. त्यानंतर तुझी गोष्ट सांगते. नॉटिंगहॅमच्या तुझ्या वॉर्डवरचं स्टाफचं किचन, मायक्रोवेव्हच्या दारावर चिकटवलेली सूचना, ‘उग्र वासाचं जेवण इथे गरम करू नये’, आणि त्या दिवसापासून शेवटच्या ड्यूटीपर्यंत गार चीज सँडविच खाणारी माझी आई, एक नर्स. दरवेळी टाळ्या पडतात. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, पण तू माझी सगळ्यात खात्रीची साक्षीदार आहेस. येत्या गुरुवारच्या सभेतही हीच गोष्ट ठरलेली आहे. म्हणून तुला लिहायला बसले.

गेल्या महिन्यात कार्डिफला बोलले, तेव्हा सभा संपल्यावर मागच्या रांगेतून साठीतली एक बाई आली. “तुझ्या आईबरोबर त्याच वॉर्डवर होते,” म्हणाली. ती फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या इलोकोसची. तिच्या गावाकडच्या धाकट्या नर्स तिला मनांग म्हणतात, आपण ताई म्हणतो तसं. मीही तेच म्हणू लागले. वीकेंडला राहायला ये, आमच्याकडचं जेवायला घालते, असं तिने सांगितलं, आणि मी गेले.

आई, काय जेवले मी. शनिवारी दुपारी तिने आधी तांदळाच्या पिठाच्या केशरी करंज्या तळल्या, आत कच्ची पपई आणि अख्खं अंडं. त्या उसाच्या काळपट व्हिनेगरमध्ये बुडवून खायच्या. मग डुकराच्या मांसाचे दोनदा तळलेले तुकडे, दाताखाली कुरकुरणारे. आणि पिनाकबेत. कारली, वांगी, भेंडी, टोमॅटो एकाच पातेल्यात, आणि त्यावर बागोओंग, म्हणजे लहान मासे मिठात महिनोन्महिने मुरवून केलेला खारा रस. मी मदत करायची म्हणून डाव उचलला, तर मनांगने माझ्या हातातून काढून घेतला. पिनाकबेत ढवळायचं नसतं, भाजी मोडते. दोन्ही कानांना धरून पातेलंच झटकायचं. तुमच्या युनियनवाल्यांना प्रत्येक गोष्ट ढवळायची सवय, असंही वर ऐकवलं. झाकण काढलं तेव्हा जो वास आला, तो मला परका वाटेना. तू रत्नागिरीहून आणलेला जवळा परतायचीस, त्याचा हा सख्खा भाऊ. आम्ही दोघी हाताने जेवलो. कारल्याचा कडूपणा त्या खारटपणात कसा विरघळतो, ते मी तिला म्हटलंही, आणि गुरुवारच्या भाषणात तिचंही पातेलं घेईन असं सांगितलं.

तेव्हा मनांगने हात ताटाशी थांबवला. म्हणाली, “ती सूचना तुझ्या आईसाठी नव्हती. माझ्या बागोओंगसाठी होती. आणि वॉर्डच्या मुख्य सिस्टरकडे तक्रार तुझ्या आईनेच केली होती.”

मी नाही म्हणाले. तिने वाद घातला नाही. तिची कार्डिफला बदली झाली तेव्हा निरोपाच्या दिवशी लिनन ठेवायच्या खोलीत नेऊन तूच तिला सांगितलंस म्हणे. का केलंस, असं तिने विचारलं, आणि तू म्हणालीस, “माझ्या डब्याकडे कोणी बघायच्या आत मी तुझ्या डब्याकडे बोट दाखवलं.” सिस्टरने सूचना लावली ती सगळ्यांसाठी. तुझा जवळाही त्याच दिवशी बंद झाला.

सभेतच का नाही सांगितलं, असं मी विचारलं. “उपाशीपोटी सांगितलं असतं तर तू भांडली असतीस,” मनांग म्हणाली, आणि तिने मला पुन्हा वाढलं.

परतीच्या ट्रेनमध्ये मी तुझ्यावर चिडले होते. बारा वर्षं मी एका बोट दाखवणारीला हुतात्मा म्हणून उभं केलं, असं वाटत होतं. बर्मिंगहॅमला गाडी बदलेपर्यंत राग टिकला. मग शनिवारपासून मनात बाजूला सारत आलेली शाळेतली पेरेंट्स ईव्हनिंग पुढे आली. मी चौदा वर्षांची आहे, तू घाईने आवरते आहेस, आणि मी म्हणते आहे, “तो कोट घालून येऊ नकोस. जवळ्याचा वास येतो त्याला.” तू मला रागावली नाहीस. जानेवारीच्या थंडीत पातळ रेनकोट घालून आलीस, आणि माझ्या टीचरशी बोलताना दोन पावलं मागे उभी राहिलीस. मायक्रोवेव्हवरची सूचना त्यानंतरची, त्याच हिवाळ्यातली. तुला तुझ्या वासाची भीती फक्त या देशाने घातली, असं मी जगाला सांगत आले. घरातून सुरुवात कोणी केली, ते मी कुठल्याच सभेत सांगितलं नाही.

मनांगलाही नाही सांगितलं. तिच्याकडे रविवारचा अख्खा दिवस होता मला. तिने तुला केव्हाच माफ केलं होतं, आणि मी समोर बसून पिनाकबेत तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

हे पत्र कुठे जाणार नाही, टेबलाच्या खणातच राहील. पण गुरुवारी मी गोष्ट पुरी सांगणार आहे. तुझं बोट, माझा कोटाबद्दलचा शब्द, मनांगचं पातेलं, सगळं. टाळ्या पडणार नाहीत बहुधा. आणि खाली उतरण्याआधी समोरच्यांना एकच काम सांगणार आहे: उद्या ड्यूटीवर गेलात की शेजारणीचा डबा मागून घ्या, सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने गरम करा, आणि झाकण उघडं ठेवून तिच्यापुढे नेऊन ठेवा.